मधली कोरी जागा

हुपो बंदरात कुणाला वाघ हवा असला की तो प्यो ग्वीरेबाईंकडे जातो. नव्या वर्षाला दारावर लावायचा तो वाघ. मागे पाइनचं झाड, फांदीवर लांब शेपटीचा काळापांढरा पक्षी, खाली वाघ. आपल्या जुन्या चित्रांतला वाघ तसाही कुणाला घाबरवत नाही, आणि ग्वीरेबाईंचा तर मुळीच नाही. त्याचा एक डोळा पक्ष्याकडे असतो, दुसरा भलतीकडेच. चेहरा असा, की पोटभर जेवून झालंय आणि आता उठावं की इथंच आडवं व्हावं हे ठरत नाहीये. त्यांच्या चित्रकलेच्या वर्गातल्या बायका म्हणतात, वाघ थेट दाल्सूसारखा दिसतो. दाल्सू म्हणजे ग्वीरेबाईंचा नवरा. यावर बाई हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

आणखी एका चित्रासाठी लोक त्यांच्याकडे येतात, आणि ते मागताना आवाज खाली आणतात. हे चित्र पितरांच्या घराचं. कौलारू छप्पर, दगडी पायऱ्या, लाल खांब, दोन्ही बाजूंना सताड उघडी दारं आणि दारांच्या मधोमध वीतभर उभी कोरी जागा. समोर चित्रातच जेवण मांडलेलं असतं. कलिंगड, डाळिंब, लिंबं, कडेला फुलदाण्या. श्राद्धाच्या दिवशी हे चित्र भिंतीला टांगायचं, कोऱ्या जागेवर गेलेल्या माणसाच्या नावाचा कागद चिकटवायचा, खरं जेवण मांडायचं, नमस्कार करायचे आणि शेवटी नावाचा कागद सोडवून जाळायचा. चित्र गुंडाळून कपाटात. ज्यांना पितरांसाठी वेगळी वास्तू बांधणं परवडत नव्हतं त्यांनी कधीकाळी काढलेली ही वाट आहे. आता फ्लॅटमधली माणसं हे चित्र वापरतात. आणि हुपोत वापरतात ती घरं, ज्यांची माणसं समुद्रावर गेली आणि पुरायला काही परत आलं नाही.

अशा घरातली बाई आली की ग्वीरेबाई काही विचारत नाहीत. "घर मी देते. नाव तुमचं तुम्ही आणा," एवढंच म्हणतात.

या वर्षीपर्यंत त्यांच्या स्वतःच्या कपाटात असं चित्र नव्हतं.

ग्वीरेबाई मूळच्या बोंगह्वाच्या डोंगरातल्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला. पहिल्या हिवाळ्यात म्हाकुळं चिरून दोऱ्यांवर वाळत घालायला शिकल्या. हाताला येणारा वास उन्हाळ्यापर्यंत जात नाही हेही शिकल्या. मूल होईना. सासूबाईंनी, इम बुन्नाम त्यांचं नाव, दोन वर्षं कडू काढे पाजले, टेकडीवरच्या देवळात नेलं, आणि शेवटी जाळ्यांच्या दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या बांग मास्तरांकडे पाठवलं. मास्तर लग्नाचे घडीचे पडदे रंगवायचे. फुटलेलं, दाण्यांनी गच्च भरलेलं डाळिंब घरात टांगलं की मुलं होतात असं आपल्याकडे मानतात. "विकत आणलेलं नको, तुझ्या हातानं काढ," सासूबाई म्हणाल्या.

एक डाळिंब काढायला गेलेली बाई त्या माडीवर कित्येक वर्षं जात राहिली. मास्तरांनी सुरुवातीला कुंचला हातात दिलाच नाही. तुतीच्या सालीचा कागद ताणायचा, त्याला सरस-तुरटीच्या पाण्याचा हात द्यायचा, म्हणजे रंग कागदात मुरत नाही, वर बसतो. मग रंगाची पूड बशीत बोटानं घोटायची, सरसात कालवायची. मास्तर रागवायचे ते फक्त सरसावरून. सरस गरम करायचा, उकळायचा नाही. एक बुडबुडा दिसला तरी ओतून टाकायचा. उकळलेल्या सरसाची पकड जाते. दिसायला तो तसाच दिसतो, रंगही लागतो, पण धरून ठेवत नाही. आज ग्वीरेबाई नव्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी हेच सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतात.

डाळिंबं खूप झाली, मूल झालं नाही. दाल्सू बोटीवरून आला की भिंतीकडे बघून म्हणायचा, "एवढ्यातलं एक तरी रुजायला हवं होतं. जाऊ दे, आता निदान विकायला तरी लाग." त्यांनी ती विकली. धंदा असा सुरू झाला.

दाल्सू म्हाकुळांच्या बोटीवर होता. चौदा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात उल्लुंग बेटाच्या पलीकडून बोट परत आली, तिच्यावर सगळे होते, तो नव्हता. पहाटे बोटीवरचे दिवे विझवले तेव्हा तो मागच्या बाजूला सिगारेट ओढत बसलेला दोघांनी पाहिला होता. न्याहारीला हाक मारली तर तिथं कुणी नव्हतं. पडताना कुणी पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. गस्तीच्या बोटी फिरल्या आणि परतल्या. तांडेलानं दाल्सूचं पांघरूण आणि पिशवी घरी आणली आणि दारातच गुडघे टेकले. बुन्नामबाईंनी पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मग तो उतरला कुठं?"

दुसऱ्या दिवशी भात झाल्यावर त्यांनी पहिला वाडगा दाल्सूचा काढला. झाकणाचा पितळी वाडगा. झाकण लावून, रजईत गुंडाळून तो खोलीतल्या खालून तापवलेल्या जमिनीच्या सगळ्यात गरम कोपऱ्यात ठेवला. बाहेरगावी गेलेल्या माणसासाठी असा भात ठेवायची पद्धत जुनी आहे. पूर्वी घरोघर होती, आता कुणी पाळत नाही. बुन्नामबाईंनी रोज पाळली. समुद्रातून जीव बोलावून आणणारी बाई घरी आली होती, तिला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी तो वाडगा रजईतून निघायचा, आणि भात टाकवत नाही म्हणून ग्वीरेबाई त्यात गरम पाणी घालून खायच्या. पुढे सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दिसेनासं झालं, तसं वाडगा भरायचं कामही सुनेकडे आलं.

गावाचं यावर एकमत होतं. म्हातारी ऐकत नाही, आणि त्यात सून अडकून पडली आहे. दाल्सूची धाकटी बहीण मिहे पोहांगला असते. ती हे तोंडावर बोलायची.

"वहिनी, आईला कुणीतरी सांगायला हवं."

"काय?"

"हेच, की दादा आता नाही."

"मग सांग की. तुझीच आई आहे."

यावर मिहे विषय बदलायची. दर सणाला हे संभाषण व्हायचं आणि दर सणाला इथंच थांबायचं.

या वर्षी शरदाच्या पौर्णिमेचा सण झाला, मिहे परत गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी जेवायला बसल्यावर बुन्नामबाईंनी विचारलं, "नवव्या महिन्याची नवमी कधी येते गं?"

ज्याच्या मरणाचा दिवस माहीत नाही त्याचं श्राद्ध त्या नवमीला होतं. हुपोत हे कुणाला सांगावं लागत नाही.

"आहे अजून वेळ," ग्वीरेबाई म्हणाल्या.

"त्या दिवशी दाल्सूचं करू."

"काय करू?"

"काय म्हणजे? गावाचं काय करतेस? तेच. घर काढ त्याचं. आणि मिहेला ऑक्टोपस आणायला सांग, इथला हल्ली रबरासारखा लागतो."

"आई, असं एकदम काय मनात आलं?"

"एकदम कुठं." बुन्नामबाईंनी चमच्यानं मुळ्याचं सार शोधलं, एक घोट घेतला. "मी आता फार दिवस नाही. तिकडे गेल्यावर मी त्याला शोधायला लागू, की दारात बसून वाट बघू? तो आधीच गेलाय की अजून यायचाय? एवढं तरी मला कळून जाऊ दे. अधांतरी पाठवू नका."

ग्वीरेबाईंनी त्यांच्या वाडग्यात आणखी सार वाढलं.

"आणि मी गेल्यावर वाडगा तू ठेवशील, ते ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. "पण तुझ्यानंतर कोण ठेवणार?"

संध्याकाळी ग्वीरेबाईंनी मिहेला फोन केला. मिहे थोडी रडली, मग नाक शिंकरून म्हणाली, "चला, सुटलीस वहिनी." वर्गातल्या बायकांनाही असंच वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी जे चित्र त्या आठवडाभरात हातावेगळं करायच्या, ते एकदाचं स्वतःच्या घरासाठी करायचं होतं. म्हातारी आपण होऊन वाटेतून बाजूला झाली होती. आता अडायचं कारणच नव्हतं.

पुढे जे झालं ते जवळून पाहिलं होसुकनं. होसुक पोस्टातून निवृत्त झालेली, ग्वीरेबाईंची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. रोज दुपारी त्यांच्या कामाच्या खोलीत स्वतःचं चित्र घेऊन बसते. ती सांगते, पहिल्या कागदावर बाईंनी छपराचा राखाडी रंग लावला आणि तो टीपकागदावर सांडल्यासारखा चहूकडे पसरला. कागदाला सरस-तुरटीचा हातच दिलेला नव्हता.

"कागद जुना निघाला," ग्वीरेबाई म्हणाल्या.

होसुकचा कागद त्याच गठ्ठ्यातला होता.

दुसऱ्या कागदाला हात दिला, वाळवला, खाका खाली ठेवून रेषा उतरवायला घेतल्या. पायऱ्या झाल्या. मग एका खाणावळवाल्याचा वाघ अर्धा राहिला होता तो त्यांनी पुढ्यात घेतला. तो संपल्यावर दुसरा वाघ. मग कुणी न मागितलेला तिसरा. कागद पायऱ्यांपाशी गुंडाळून फडताळावर पडला होता.

मिहेचा फोन आला. "झालं का?"

"चाललंय."

"कुठवर आलं?"

"पायऱ्या."

"परवाही पायऱ्याच होत्या."

"पायऱ्या जास्त आहेत."

"वहिनी, गावभरच्या नवऱ्यांना तू घरं बांधून दिलीस. माझ्या दादाला एक खोली मिळेना होय?"

फोनचा आवाज मोठा होता, होसुकला सगळं ऐकू आलं. ग्वीरेबाईंनी फोन ठेवला आणि वाघाच्या मिशा काढायला घेतल्या. एक मिशी, मग तिच्याशेजारी दुसरी. हात नेहमीसारखाच चालत होता, होसुक सांगते. थरथर नाही, काही नाही. हाताला काही झालेलं असतं तर बरं झालं असतं, डॉक्टर तरी होता.

शेवटी होसुकनंच विषय काढला. "बाई, मी काढू का ते? खाका तुमचा, रंग तुमचे. तुम्ही नुसत्या शेजारी बसा. लोकांना कशाला कळतंय."

"लोकांचं काही नाही गं."

"मग?"

"तू काढलंस तर ते पुरं होईल."

होसुकनं मान खाली घालून आपल्या कमळात रंग भरायला घेतला. एका हातात दोन कुंचले, एक रंगाचा, एक पाण्याचा. रंगाच्या कुंचल्यानं लावायचं, पाण्याच्या कुंचल्यानं कडा विरवत न्यायची. तिला ते अजून नीट जमत नाही. त्या दुपारी मुळीच जमलं नाही.

घरी बुन्नामबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज काय झालं?" ग्वीरेबाई सांगायच्या, पायऱ्या. मग खांब सांगायला लागल्या. म्हातारीला दिसत नव्हतं, त्यामुळे खांब झालेत का हे ती पाहू शकत नव्हती. नमस्कार करायला येणाऱ्यांसाठी ती उशांचे अभ्रे चाचपून मोजत बसायची.

नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी ग्वीरेबाईंनी भिजवलेला सरस गॅसवर ठेवला. होसुक लवकर आली होती. बाई पातेल्यासमोर उभ्या होत्या, डोळे पातेल्यात. कडेनं एक बुडबुडा आला, मग दोनचार, मग सगळीकडून यायला लागले. होसुकला वाटलं, आता त्या पातेलं उचलून मोरीत ओततील. त्यांनी गॅस बंद केला आणि सरस बशीत काढला.

"बाई, उकळला."

"दिसलं मला."

"दुसरा भिजवू?"

"भिजायला उद्या उजाडेल. उद्या माणूस जेवायला यायचाय."

त्या बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. पायऱ्या रंगवल्या, जेवणाचा चौरंग, कलिंगडावरच्या पट्ट्या, डाळिंबाचे दाणे. दाणे नेहमीपेक्षा बारीक काढले. खांब, वासे, कौलं. शेवटी राहिलं मधलं. खाक्यात तिथं उघडी दारं होती आणि त्यांच्यामध्ये कोरी जागा. ग्वीरेबाईंनी सगळ्यात बारीक कुंचला घेतला, मोरपंखी रंगात बुडवला आणि कोऱ्या जागेतून वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. तिच्याशेजारी दुसरी.

"बाई," होसुक म्हणाली, "ती जागा कोरी ठेवायची ना?"

"हो."

त्यांनी आडव्या रेघा ओढायला घेतल्या. बघता बघता जाळी तयार झाली, जाळीचे दोन दरवाजे झाले, दरवाजांना दोन कड्या आल्या. बंद घर. त्यांनी कुंचले धुतले, पालथे घातले आणि म्हणाल्या, "उद्या तूही जेवायला ये."

नवमीला मिहे पहिल्या बसनं ऑक्टोपस घेऊन आली. स्वयंपाक झाला. श्राद्धाचा, म्हणजे तिखट नाही, लसूण नाही, सगळं फिकं. येणाऱ्याला आत येता यावं म्हणून घराचं दार रिवाजाप्रमाणे किलकिलं ठेवलं. ग्वीरेबाईंनी चित्र भिंतीला टांगलं. मिहे ताट घेऊन आत आली आणि तशीच उभी राहिली.

"वहिनी, हे काय?"

"दार."

"ते दिसतंय मला. नाव कुठं लावायचं?"

ग्वीरेबाईंनी चित्राची दोरी सरळ केली. मिहेनं होसुककडे पाहिलं, होसुकनं जमिनीकडे. दुसरं चित्र आणायचं तर कुठून? त्यांनी रंगवलेली सगळी घरं त्या दिवशी ज्याच्या त्याच्या भिंतीवर लागली होती.

भिंत धरत बुन्नामबाई आल्या. "कुठं आहे? दाखवा मला."

या रंगांचा थर जाड असतो, बोटाला लागतो. म्हातारीनं खालून सुरुवात केली. पायऱ्यांवरून बोट चढलं, चौरंगावर आलं, गोल फिरलं. "हे कलिंगड. बरं केलंस, एकटा अर्धं संपवायचा." मग खांब. मग बोट मधल्या जागेकडे सरकलं आणि जाळीवर आलं. एक रेघ, दुसरी रेघ. परत पहिल्या रेघेवर. कडीवर येऊन थांबलं.

"हे लावलंय."

"हो, आई."

"का? तिथं वारा येतो?"

कुणी हसलं नाही.

"आत आहे का कुणी?" म्हातारीनं विचारलं.

"माहीत नाही, आई," ग्वीरेबाई म्हणाल्या.

बुन्नामबाईंनी मान डोलावली. बोट काढून घेतलं. त्याच्या टोकाला मोरपंखी पूड लागली होती. त्यांनी ती अंगठ्यानं चोळून पाहिली, स्कर्टला पुसली. "मिहे, नाव दारावरच चिकटव. दार लावलेलं असलं तर माणूस बाहेरून हाक मारतो. तशी मारू."

मिहेनं भाताची चार शितं चिरडून नावाचा कागद जाळीवर चिकटवला. भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवला. आईनं मुलाला नमस्कार करायचा नसतो, म्हणून बुन्नामबाई बाजूला बसून राहिल्या. मिहे वाकली. ग्वीरेबाईंनी पेला भरला, ठेवला, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं, उठल्या, पुन्हा वाकल्या. मिहे म्हणते, दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला करावा तसा व्यवस्थित नमस्कार केला.

मग रिवाजाप्रमाणे सगळ्या खोलीबाहेर आल्या आणि खोलीचं दार ओढून घेतलं. जेवणाऱ्याला जेवू द्यायचं. थोड्या वेळानं घरच्या माणसानं बाहेरून खोकायचं, म्हणजे आतल्याला कळतं की आम्ही येतोय, आणि मग दार उघडायचं. खोकायचं होतं ग्वीरेबाईंनी.

व्हरांड्यात चौघी उभ्या होत्या. खाली बंदरात बर्फाचा ट्रक मागे घेताना वाजत होता. तो थांबला. मिहेनं वहिनीकडे पाहिलं. ग्वीरेबाईंनी घशाशी हात नेला, तोंड उघडलं, मिटलं.

"खोक ना," मिहे पुटपुटली.

"खोकते."

त्या उभ्याच राहिल्या. आतलं सार एव्हाना गार झालं असणार. होसुक सांगते, आपणच खोकावं असं तिच्या मनात आलं, पण ती पडली बाहेरची. शेवटी बुन्नामबाई खोकल्या. नुसतं दाखवायला नाही, चांगला छातीतून, तीनदा. आणि हातानं चाचपून दार उघडलं.

आता नावाचा कागद सोडवायचा राहिला होता. ग्वीरेबाईंनी वरच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि अलगद ओढला. कागद निघाला, आणि त्याच्या पाठीला चिकटून जाळी निघाली. दोन्ही दरवाजे, कड्या, सगळं एकसंध. त्यांच्या जागी मागे पांढरा कागद दिसत होता, वीतभर उभा, कडा थोड्या कुरतडलेल्या. चित्रात जिथं कोरं असायला हवं तिथं आता कोरं होतं.

"सरस," होसुकच्या तोंडून निघालं.

ग्वीरेबाई तो कागद हातात धरून उभ्या होत्या. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला दार.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं. "अगं, काय झालं ते सांगा कुणीतरी."

"दार निघालं, आई," मिहे म्हणाली.

"उघडलं?"

"उघडलं नाही. निघालं. रंगच निघून आला."

मिहेनं काडी पेटवली आणि कागदासाठी हात पुढे केला. "वहिनी, जाळायचं आहे." ग्वीरेबाईंनी दिला नाही. हिसकावून घेऊ दिला, असं म्हणता येईल. मिहेनं तो बशीत जाळला. नाव लगेच गेलं. रंग जळत नाही, तो बशीत राहिला, हिरवट भुकटी होऊन. मिहेनं बशी धुवून टाकली, कारण तिला तीनची बस गाठायची होती.

चित्र गुंडाळून फडताळावर ठेवलं आहे. होसुकनं विचारलं, बाई, कडा नीट करून देऊ का? ग्वीरेबाई म्हणाल्या, राहू दे. वर्गात त्या नेहमीसारख्या जातात, नवीन आलेल्या दोघींना त्यांनी सरसाबद्दल सांगितलं. पहिल्या दिवशी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

नवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वीरेबाईंनी भात काढला. बुन्नामबाई पुढ्यात येऊन बसल्या.

"दोनच वाढ आता."

"हो."

पण पितळी वाडगा भरून झाला होता, झाकणही लागलं होतं. म्हातारीला ते दिसलं नाही, ऐकू आलं. झाकण बसल्याचा आवाज तिला चौदा वर्षं ओळखीचा होता. तिनं हात पुढे केला, ऊब लागली तिथं बोटं टेकवली, वाडगा आपल्याकडे ओढला, झाकण काढलं आणि जेवायला लागली. घाई न करता, सारासोबत, तळापर्यंत. आपला वाडगा तिनं बाजूला सारून ठेवला होता.

"गरम चांगला लागतो हा," ती म्हणाली. "तू इतकी वर्षं गारच खाल्लास."

ग्वीरेबाईंनी रिकामा पितळी वाडगा विसळायला घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तीन वाडगे भरले गेले. म्हातारीनं या वेळी आपला आणि झाकणाचा, दोन्ही संपवले, दुपारभर पोट धरून पडली. तिसऱ्या दिवशी झाकणाचा आवाज आला तेव्हा तिनं हात पुढे केला नाही.

"माझ्यानं रोज दोन खाववत नाहीत गं," ती म्हणाली.

"माहीत आहे, आई," ग्वीरेबाई म्हणाल्या, आणि वाडगा रजईत गुंडाळला.